आकड्यात आपण बेकार नाही

(पेण व रोहा तालुक्यांतील वाड्यांच्या मेळाव्यात, २००९ च्या गणपतीआधी केलेले भाषण)



गेल्या दिवाळीनंतर आपण भट्टीवर गेलो तेव्हा मालक पहिल्याच आठवड्यात म्हणाला, यंदा माल उठत नाही. पनवेल, खारघरकडच्या इमारती अर्ध्यावर थांबलेल्या. फ्लॅट विकला नाही की बिल्डर वीट घेत नाही, वीट उठली नाही की आपली थापणी बंद. ह्याचं मूळ अमेरिकेत, असं पेपरात येतं. तिथे घरांची कर्जं बुडाली, बँका बुडाल्या, बेकारी यंदा ९ टक्क्यांच्या वर गेली.

मग आपल्याकडे किती? २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांचा आकडा आहे १.७ टक्के. काम करणारी आणि काम शोधणारी धरून शंभर माणसं, त्यात दोनसुद्धा बेकार नाहीत! हसू नका, कागदावर तसंच आहे. महाराष्ट्राचा आकडाही ह्याच मापाने काढतात.

माप असं: वर्षात ३० दिवस काम केलं तरी माणूस कामातला धरतात. दळीवर नाचणी-वरी लावली, तर तो स्वतःच्या धंद्यातला. त्याच पाहणीत एकेक दिवस मोजला तेव्हा खेड्यांचा आकडा ८.२ निघाला. हा दुसरा आकडा भाषणात कोणी सांगत नाही.

आणि भट्टीवर काय झालं? थापणी नव्हती ते दिवस आपण झोपडीत बसून काढले. खर्ची मिळत होती, पण ती बयाण्यात चढत होती. दुसरीकडे मजुरीला जायची सोय नाही, कारण बयाणा अंगावर. काम नाही आणि सुटकाही नाही, ह्याला पाहणीच्या कागदात रकाना कुठे आहे? मे अखेर हिशेब झाला तेव्हा पुष्कळ जोड्यांच्या नावावर बाकी निघाली. मालक म्हणतो, पुढल्या साली फेडा. मंदी बिल्डरची, कर्ज आपल्यावर. (हिशेब नवऱ्याच्या नावाने, बाईच्या हाताला वहीत जागाच नाही, हे वेगळं.)

१९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असं बांधून घेणारं कर्ज रद्द होतं. मागची बाकी आहे म्हणून भट्टीवर गेलंच पाहिजे, असं नाही.

पण मग खायचं काय, हे आपल्या बायाच विचारतात, आणि बरोबर विचारतात. बयाणा ह्याच दिवसांत वाटतात, घरात दाणा नसतो तेव्हा. म्हणून काम आत्ता मागायचं. रोजगार हमीत घरटी १०० दिवस आहेत. नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. पोच नसेल तर भत्ता नाही, आणि आपण काम मागितलं होतं हेही कुठे लिहिलेलं राहत नाही.

दळीचे दावे वनहक्क समितीकडे द्यायचे राहिलेत, तेही बयाणा घेण्याआधी द्या. भट्टीवर गेलो आणि मागे मोजणीला माणसं आली, तर प्लॉट दाखवणार कोण?

अर्जाचे कोरे कागद मंडपाच्या दाराशी ठेवलेत. जोडीतल्या दोघांनीही आपापली नावं घाला.