मीटर हुशार झाले, धोरण कधी होणार?
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषण)



नवे वीजमीटर आले की गावात दोन आवाज उठतात. एक म्हणतो बिल दुप्पट होणार, दुसरा म्हणतो निम्मे होणार. आपण दोन्ही बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू.

मीटर वीज वाचवत नाही, ते फक्त मोजते. जुने मीटर महिन्याचे युनिट मोजायचे, नवे कोणत्या वेळी किती वापरले तेही मोजते. पैसा वाचतो तो दरातून, आणि दर ठरतो धोरणातून.

2021 साली केंद्राने वितरण सुधारणेची योजना आणली. प्रीपेड मीटरमागे अनुदान 15 टक्के, फार तर 900 रुपये. महाराष्ट्रात विरोध झाला, तेव्हा जून 2024 मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. पुढे स्मार्ट मीटर आले ते 'टीओडी' नावाने, आधी वापरा मग भरा या पद्धतीचे. लोक बोलले की धोरण हलते, एवढे ध्यानात ठेवा.

1 जुलै 2025 पासून या मीटरच्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे सवलत जाहीर झाली. दिवसा सूर्याची वीज मुबलक, म्हणून स्वस्त. तर्क बरोबर आहे. पण सकाळी 9 ला आमच्या मायबहिणी जिंतूर-सेलूच्या रानात निंदणीला, कापूस वेचायला असतात. घराला कुलूप. दिवा, पंखा, टीव्ही लागतो तो दिवस मावळल्यावर. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्या घराने त्यातले 30 दिवसावर नेले, तरी सुटतात 24 रुपये. जो दिवसा जास्त वीज जाळतो, त्याचाच फायदा मोठा.

तरी 24 रुपये सोडायचे नाहीत. घरची एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार तासाला सुमारे पाऊण युनिट खाते, ती दिवसाच चालवा. मीटर बदलताना जुन्याचे अखेरचे रीडिंग लिहून घ्या, फोटो काढा. बिलाची शंका आली तर तपासणीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आणि सरकारला एकच सवाल विचारा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल एप्रिल 2024 पासून माफ केले. पण दिवसाची वीज एवढी मुबलक आहे, तर ज्या गावांत पंपाला अजून रात्रीची पाळी आहे, तिथला शेतकरी विंचूकाट्यात पाणी धरायला का जातो? घराला दिवसा स्वस्त वीज, तशी रानालाही दिवसाच वीज, हा ठराव प्रत्येक ग्रामसभेत घ्या.