पानातलं मीठ

रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही, म्हणूनच तो घातक. त्यातून पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात ओढवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावं. आपल्या पानात तर लोणचं, पापड, खारातली मिरची, आणि डाव्या बाजूला वाढलेलं मीठ वेगळंच! ते वाढणं आजपासून थांबवा. तंबाखू, मिश्री मात्र पूर्ण सोडा. तिथे ‘थोडीशी’ चालत नाही. रोज अर्धा तास भरभर चाला. बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मालिश करत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा.