बाह्य तिरळेपणा : शस्त्रक्रिया आणि वास्तव अपेक्षा



तिरळा डोळा भाग्याचा असतो, अशी समजूत समाजात अद्याप आढळते. या समजुतीपायी उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात. डोळा नाकाकडे न वळता कानाच्या दिशेने वळतो, तेव्हा त्यास बाह्य तिरळेपणा म्हणतात. पुष्कळ मुलांत तो अधूनमधून, विशेषतः थकवा असताना वा दूर पाहताना दिसतो.

इ. स. १८३९ मध्ये बर्लिन येथे डीफेनबाख यांनी आत वळलेल्या डोळ्याचा स्नायू छेदून तो सरळ केला. पुढे या पद्धतीने काहींचे डोळे उलट बाहेर वळू लागले. त्या अनुभवातून स्नायू मोजून मागे सरकवण्याची वा आखूड करण्याची रीत रूढ झाली. तरीही हे गणित नेहमी अचूक सुटत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अधूनमधून बाह्य तिरळेपणा असणाऱ्या, ३ ते १० वर्षे वयाच्या १९७ मुलांवर दोनपैकी एका पद्धतीने शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे घेतलेल्या गटात ३ वर्षांत असमाधानकारक परिणामाचे प्रमाण ४६ टक्के, तर एकाच डोळ्याचे दोन स्नायू दुरुस्त केलेल्या गटात ३७ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही.

गुंतागुंतीच्या प्रकारांत अपेक्षा अधिकच तारतम्याने ठेवाव्या लागतात. मेंदूकडून येणारी तिसरी मज्जातंतू निकामी झाल्यास डोळा बाहेर व खाली वळतो, पापणीही मिटते. अशा वेळी शस्त्रक्रियेने समोर पाहताना डोळा सरळ दिसू शकतो. मात्र गेलेली हालचाल पूर्णपणे परत येत नाही. दृष्टी हरपल्यामुळे बाहेर वळलेला डोळा सरळ करता येतो, पण त्यामुळे दृष्टी लाभत नाही आणि कालांतराने तो पुन्हा वळू शकतो. म्हणून दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागणे हे शल्यविशारदाचे अपयश वा रुग्णाचे दुर्दैव मानू नये. शस्त्रक्रियेनंतर काही काळ एकाच्या दोन प्रतिमा दिसू शकतात, याचीही पूर्वकल्पना कुटुंबास असावी.

दोन प्रसंगी मात्र विलंब नको. प्रौढ व्यक्तीचा डोळा तीव्र डोकेदुखीसह अचानक बाहेर वळून पापणी मिटली, तर तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा आल्याची ती खूण असू शकते. बालकाच्या तिरळ्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर मोतीबिंदू वा डोळ्यातील गाठ असण्याची शक्यता तत्काळ तपासून घ्यावी.

सरळ झालेला डोळा माणसास समोरच्याच्या नजरेला नजर देण्याचे बळ देतो. विवाहाच्या बोलण्यांत वा नोकरीच्या मुलाखतीत मान खाली घालणाऱ्या तरुणास या बळाचे मोल विचारावे. ते शस्त्रक्रियेच्या कोणत्याही टक्केवारीत मावत नाही.