आधी ऐकून घ्या



आमच्या चिरनेरला 25 सप्टेंबर ही तारीख शाळकरी पोरांनाही पाठ असते. 1930 साली याच दिवशी जंगल सत्याग्रहासाठी आसपासच्या गावांतून शेकडो माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानात जमली होती. सरकारनं राखीव केलेल्या जंगलातलं लाकूड तोडायचं आणि कायदा मोडायचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होता. बंदोबस्तावर आलेले पनवेलचे मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात मारले गेले. त्यानंतर धरपकड झाली, खटला उभा राहिला. आज गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी पोलीसच तिथं मानवंदना देतात.

मी त्या गर्दीत दरवर्षी उभा असतो. मानवंदना चालू असते आणि माझ्या मनात मात्र आणखी एक 25 सप्टेंबर येतो. तो आहे 1819 सालचा. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनी आणि सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्यात तह झाला. पेशवाई बुडाली होती. कंपनीनं शिवाजी महाराजांच्या वंशजाला साताऱ्याच्या गादीवर बसवलं, राज्याच्या हद्दी आखून दिल्या आणि बाहेरच्या कुणाशीही परस्पर संबंध ठेवायचा नाही, असं लिहून घेतलं. बरोबर वीस वर्षांनी याच तहाचं कलम पुढे करून त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला नेऊन ठेवलं.

ही गोष्ट मला पहिल्यांदा भेटली ती बी.ए.ला असताना. पनवेलच्या वाचनालयातून प्रबोधनकार ठाकऱ्यांचं 'रंगो बापूजी' आणलं होतं. प्रबोधनकार मूळचे पनवेलचे, म्हणजे आमच्याच भागातले, एवढ्या कौतुकानं पुस्तक उचललं. वाचून संपलं तेव्हा पहाट झाली होती. आज त्या प्रकरणाबद्दल बोलायचं आहे.

प्रतापसिंह हे नावापुरते राजे नव्हते. त्यांनी साताऱ्याला पाठशाळा काढली, छापखाना आणला, रस्ते बांधले, शहराला पाणी दिलं. स्वतः रोजनिशी लिहीत. 1835 च्या अखेरीस लंडनच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभाराची स्तुती करणारं पत्र आणि एक तलवार भेट म्हणून पाठवली. मुंबई सरकारनं ती तलवार त्यांच्या हाती कधी पडूच दिली नाही. कारण तोवर मुंबईकरांशी त्यांचं बिनसलं होतं. भांडण होतं जहागिरदारांवरच्या हक्काचं. तहाप्रमाणे आपला हक्क आहे, असं राजे म्हणत होते. लंडनचा कौल त्यांच्या बाजूचा होता, पण मुंबई तो अमलात आणायला तयार नव्हती. वरिष्ठाकडून न्याय मिळतो आणि तो खालच्या कचेरीत अडकून पडतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

1836 साली राजांवर आरोप आला की कंपनीच्या 23 व्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना त्यांनी फितवण्याचा प्रयत्न केला. पुढं त्यात दोन आरोपांची भर पडली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं आणि पदच्युत झालेल्या नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी कारस्थान केलं. चौकशीसाठी तीन साहेबांची समिती बसली. चौकशी बंद दाराआड झाली. साक्षींच्या नकला राजांनी मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. गोव्याच्या आणि नागपूरच्या आरोपांवर तर त्यांचं म्हणणं कुणी धड विचारलंच नाही. त्या समितीतले एक साहेब, तेव्हाचे साताऱ्याचे रेसिडेंट लॉडविक, पुढं विलायतेत गेल्यावर राजांच्याच बाजूनं बोलू लागले. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ऑगस्ट 1839 मध्ये गव्हर्नर कार्नॅक साताऱ्याला आला. तो चांगला प्रस्ताव घेऊन आला होता, असं तो स्वतः समजत असावा. एका कागदावर सही करा, तह मोडल्याचं कबूल करा, मागचं सारं विसरू, गादी तुमच्याकडेच राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. मी जे केलं नाही ते कबूल करणार नाही, माझी उघड चौकशी करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

श्रोतेहो, या जागी मी नेहमी थांबतो. सही केली असती तर राज्य राहिलं असतं. आपल्यातले कितीजण सही करून मोकळे झाले असते? मी झालो असतो की काय, याची मला खात्री देता येत नाही. एका सहीनं घर, मुलंबाळं, नोकरचाकर, सगळं वाचत असताना 'आधी माझं ऐका' असं म्हणायला छाती लागते.

सप्टेंबर 1839 च्या पहिल्या आठवड्यात रात्री फौजेनिशी रेसिडेंट वाड्यात शिरला आणि राजांना पालखीतून नेण्यात आलं. गादीवर त्यांचे भाऊ शहाजी बसले. लिंब गावी काही काळ ठेवून राजांचा परिवार काशीला रवाना झाला. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती वारले. खुद्द महाराज 14 ऑक्टोबर 1847 रोजी काशीतच गेले. सातारा त्यांना पुन्हा दिसलं नाही.

राजा काशीला आणि त्याचा वकील लंडनला, अशी ती उलटी वाट. रंगो बापूजी गुप्ते विलायतेत पोचले आणि 1853 पर्यंत तिथंच राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत त्यांनी बाजू मांडली, पत्रकं छापली. जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या सभासदांनी पार्लमेंटात प्रश्न उचलला, जॉर्ज थॉम्प्सन यांनी सभा गाजवल्या. या कामात राजांचे आणखीही वकील होते, त्यांत एक मीर अफजल अली. छत्रपतींची कैफियत घेऊन लंडनला गेलेला हा मुसलमान वकील आज कुणाच्या फारसा ओठावर नाही. मला त्याचं नाव पहिल्यांदा वाचताना जे वाटलं ते मी लपवत नाही. आपल्या घरातलं माणूस जुन्या फोटोत अचानक सापडावं, तसं वाटलं.

मागणी सगळी मिळून एकच होती, राजाला गादी द्या म्हणण्याआधी त्याचं ऐकून घ्या. ती कधीच मान्य झाली नाही. प्रतापसिंह गेले, पुढच्या वर्षी शहाजीही गेले, दत्तक नामंजूर झाले आणि डलहौसीनं राज्यच खालसा केलं. रंगो बापूजी परतले. 1857 च्या उठावात त्यांचं नाव आलं आणि ते जे निसटले ते कुणाला सापडले नाहीत. त्यांच्या मुलाला मात्र फाशी झाली.

माझ्या घरातली एक लहानशी गोष्ट इथं सांगतो. आजोबा 1930 साली दहा-बारा वर्षांचे होते. गोळीबार झाला त्या संध्याकाळी त्यांचे वडील गाव सोडून तळोज्याला नातलगांकडे गेले. ते सत्याग्रहात नव्हते, त्या दिवशी खाडीवर होते. पण धरपकडीत 'तू कुठं होतास' असं कुणी नीट विचारेल, याची खात्री नव्हती. 'इचारतो कोन?' हे त्यांचे शब्द आजोबा सांगायचे. दोन महिने ते बाहेर राहिले. तेवढ्यात भात पिकलं, कापायला हात नव्हते, निम्मं उंदरांनी आणि पाखरांनी खाल्लं. हद्दपारी म्हणजे काय, हे मला राजांच्या गोष्टीआधी या भातानं शिकवलं. माणूस जातो आणि मागं उभं पीक राहतं.

हद्दपारीचा हा व्यवहार कोकणानं दुसऱ्या बाजूनंही पाहिला आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पकडलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 साली तो तिथंच वारला. त्याच्यावर खटलाही चालला नाही. त्याच ब्रह्मदेशात, रंगूनला, बहादूरशाह जफरला पाठवलं होतं. त्याच्यावर 1858 साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात, त्याच्याच वाड्यात खटला चालला. त्याच्यावर बंडाचा आरोप होता, पण तो ज्यांचा पेन्शनर होता त्यांचा प्रजाजन तरी होता का, हा प्रश्न तिथं विचारायचाच नव्हता. म्हणजे खटला चालला म्हणून ऐकून घेतलं, असं नाही.

ब्रह्मदेशाच्या शेजारी थायलंड आहे. तिथलं राजकारण मी वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा हे सारं आठवतं. प्रीदी बानोमयोंग हे 1932 च्या क्रांतीतले पुढारी, 1946 साली पंतप्रधान. 1947 च्या लष्करी बंडानंतर देश सुटला आणि 1983 साली पॅरिसला त्यांचा अंत झाला. थाकसिन शिनावात्रा लोकांनी निवडून दिलेले पंतप्रधान. 2006 साली ते न्यूयॉर्कला असताना लष्करानं सत्ता घेतली. 2008 साली गैरहजेरीत शिक्षा झाली, पंधरा वर्षं परदेशात काढून ते ऑगस्ट 2023 मध्ये परतले. आठ वर्षांची शिक्षा राजानं एका वर्षावर आणली, कैदेचा काळ त्यांनी इस्पितळात काढला. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते धरलं नाही आणि त्यांना तुरुंगात धाडलं. त्यांची बहीण यिंगलक पंतप्रधान होती, तीही 2017 साली निकालाआधी देश सोडून गेली.

थाकसिन म्हणजे प्रतापसिंह नव्हेत, हे मला कळतं. त्यांच्याच कारकिर्दीत, ऑक्टोबर 2004 मध्ये, दक्षिणेच्या ताक बाई गावी मुसलमान निदर्शकांना पकडून, हात बांधून ट्रकांत एकावर एक रचलं. रमजानचा महिना होता, लोक रोजे धरलेले. छावणीत पोचेपर्यंत 78 जण गुदमरून मेले. वीस वर्षांनी, 2024 साली, न्यायालयानं अधिकाऱ्यांवरचा खटला दाखल करून घेतला. आरोपींपैकी कुणीही हजर झाला नाही. काही देशाबाहेर होते. 25 ऑक्टोबर 2024 ला मुदत संपली आणि खटलाही संपला.

म्हणजे देश सोडणं ही कधी शिक्षा असते, कधी सुटका. राजाला बाहेर घालवलं म्हणून त्याचं ऐकलं गेलं नाही. अधिकारी बाहेर राहिले म्हणून मेलेल्यांचं ऐकलं गेलं नाही. बंद दाराआडची चौकशी आणि रिकामा आरोपीचा पिंजरा यांतून अन्याय एकाच जातीचा निघतो. उतरलेल्या पुढाऱ्याला खटल्यापासून वाचवा, असं मी म्हणत नाही. खटला जरूर चालवा. पण आरोपाचा कागद त्याच्या हातात द्या, साक्षीदार त्याच्या समोर आणा आणि निकाल लागेपर्यंत सहीचा सौदा करू नका. त्याच्या काळात जे मेले, त्यांच्या घरच्यांनाही त्याच कचेरीत बसायला जागा द्या.

मागच्या हुतात्मा दिनाला भाषणाची तयारी करणाऱ्या मुलांना मी प्रतापसिंहांची गोष्ट सांगितली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, 'काका, पण राजानं खरंच काही केलं नव्हतं का?' मी तिला म्हटलं, 'बाळ, हाच प्रश्न राजा स्वतः विचारा म्हणत होता.' तिनं ते वहीत लिहून घेतलं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)