‘टेबल’ या शब्दाचे अर्थ व अध्यापन



महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. ‘टेबल’ म्हणजे मेज, एवढे मूल लवकरच शिकते आणि हा शब्द आपणांस आला असे समजते. पुढे सेमी-इंग्रजी वर्गाच्या गणितात ‘टेबल ऑफ सेव्हन’ हे शब्द दृष्टीस पडले की साताचा पाढा मुखोद्गत असलेला विद्यार्थीही थबकतो. अडचण शब्दाची असते; गुण मात्र गणिताचे जातात.

हे दोन अर्थ परस्परांस परके नाहीत. लॅटिन ‘टाब्युला’ म्हणजे फळी. फळीस पाय लाभले, तिचे मेज झाले. फळीवर अक्षरे व आकडे आले, तिचे कोष्टक झाले. पाढा, वेळापत्रक, मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली मांडलेली मूलद्रव्यांची सारणी, ही सर्व या दुसऱ्या शाखेची अपत्ये होत. पाचगणीचे टेबललँड आपल्या सपाटपणामुळे त्या नावास पात्र ठरले. ‘वॉटर टेबल’ म्हणजे भूजलाची पातळी. ती मात्र मेजासारखी सपाट नसते, बहुधा वरच्या भूमीबरोबर तीही चढते-उतरते.

क्रियापद म्हणून या शब्दाची गंमत अधिक, आणि धोकाही अधिक. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेस मांडणे. अमेरिकेत त्याचाच अर्थ चर्चा लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिल यांनी लिहिले आहे की, एक निवेदन तातडीने विचारात घ्यावे म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते ‘टेबल’ करण्याची इच्छा दर्शविली. अमेरिकन अधिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. बराच वेळ वाद माजल्यावर उलगडा झाला की दोन्ही पक्षांस एकच गोष्ट हवी होती! भाषा एकच असणाऱ्यांची ही गत, तेथे आपल्या बालकांस काय दोष द्यावा? आपल्या विधिमंडळात कागदपत्रे ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात, ते पटल म्हणजे हेच टेबल. (‘टेबलाखालून’ चालणारा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे, त्याचे अध्यापन नको.)

बहुअर्थी शब्द मुलांना नवा नसतो. पान झाडाचे, पान पुस्तकाचे, पान विड्याचे. आणि ‘पाने वाढली’ म्हटले की ती हात धुऊन येतात, झाडाकडे पाहत नाहीत. इंग्रजीतही शेजारचा शब्दच अर्थ सांगतो, याची ओळख या घरच्या उदाहरणावरून करून द्यावी. सर्व अर्थांची यादी एकदम देऊन वह्या भरवू नयेत. सभेतील अर्थ वरच्या इयत्तांसाठी राखावा. ‘क्लीन द टेबल’ व ‘लर्न द टेबल’ ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत आणि पुसायचे काय व पाठ करायचे काय, एवढेच प्रथम विचारावे.