करार कागदावर, हक्क जमिनीवर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोहिणी नदीच्या पाण्याची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती सांगितली आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा पेटला. शाक्यांचा सेनापती युद्ध मागू लागला. तेव्हा सिद्धार्थ उभा राहिला. दोन माणसे आपली, दोन त्यांची आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. संघाने बहुमताने ते फेटाळले.

जमीन-पाण्याचा तंटा बळाने मिटवायचा की कराराने, हा तो प्रश्न. अडीच हजार वर्षे झाली, तो अजून संपलेला नाही! आज आम्ही आपल्यासमोर असाच एक करार ठेवणार आहोत. तो कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ मुलखातला आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना एस्किमो म्हणून वाचले, त्या लोकांचे स्वतःचे नाव इनुइट. शिकार आणि मासेमारी करून पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारी ही माणसे. पण सरकारदप्तरी जमीन त्यांची नव्हती. वर्षानुवर्षे वाटाघाटी करून 25 मे 1993 रोजी त्यांनी कॅनडा सरकारशी करार केला. त्याने सुमारे 3,50,000 चौरस किलोमीटर जमीन इनुइटांच्या मालकीची झाली. आपला अख्खा महाराष्ट्र 3,07,713 चौरस किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज यावा. त्यातल्या सुमारे 35,000 चौरस किलोमीटरवर जमिनीखालच्या खनिजांचाही हक्क मिळाला. 14 वर्षांत मिळून 114.8 कोटी डॉलर द्यायचे ठरले. आणि 1 एप्रिल 1999 रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. नुनावुत म्हणजे 'आमची भूमी'.

फुकट काही मिळाले नाही. बाकीच्या मुलखावरचा परंपरागत दावा त्यांना सोडावा लागला. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाने लिहून घेतली. मोठी खाण काढायची असेल, तर कंपनीने आधी इनुइटांशी नोकऱ्या, प्रशिक्षण आणि नफा-नुकसान यांचा वेगळा करार करायचा. विकास आमच्या दारात येणार असेल तर आम्हाला विचारून यावा, एवढेच त्यांचे म्हणणे!

मेरी रिव्हर येथे लोखंडाची खाण आहे. तिचे उत्पादन वर्षाला 60 लाख टनांवरून 1 कोटी 20 लाख टनांवर न्यायचा प्रस्ताव आला. जहाजांची ये-जा वाढली तर समुद्रातले प्राणी दूर जातील, मग आम्ही खायचे काय, असे शिकारी विचारू लागले. करारातूनच उभ्या राहिलेल्या मंडळाने सुनावणी घेऊन प्रतिकूल शिफारस केली आणि 2022 मध्ये सरकारने प्रस्ताव नाकारला. खाण बंद पडली नाही, पण शिकाऱ्यांचा शब्द मोजला गेला.

मग सगळे आबादीआबाद झाले का? नाही, मंडळी. लोकवस्तीत इनुइट सुमारे 85 टक्के, पण सरकारी नोकऱ्यांत जेमतेम निम्मे. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या देण्याचे कलम करारात होते. तंट्यासाठी लवाद होता, पण दोन्ही बाजूंची संमती असेल तरच प्रकरण तिथे जाई, आणि सरकार संमती देईना. सिद्धार्थाचे पंच नाकारले गेले होते, तसेच हे! अखेर 2006 मध्ये इनुइटांची संस्था कोर्टात गेली. 2015 मध्ये तडजोड होऊन 25.55 कोटी डॉलर मिळाले. त्यांतले सुमारे 17.5 कोटी त्यांनी कशाला लावायचे ठरवले? आपल्या लोकांच्या प्रशिक्षणाला. कारण नोकरीचे कलम असले तरी खुर्चीवर बसायला शिकलेला माणूस हवा.

आता आपल्याकडे पाहू. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. ठरलेली रक्कम भरून जमीन पुन्हा वतनदाराच्या नावे करून देण्याची तरतूद झाली, मात्र नव्या शर्तीने. इनुइटांनी करार केला, आपल्याला कायदा मिळाला, एवढा फरक. पण कागदावरचा हक्क कोणीतरी जागे राहून राखावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच.

आपल्यातली अनेक कुटुंबे पोटासाठी शहरात आली. गावची जमीन काकाच्या भरवशावर, नाहीतर देवाच्या, जो आपण मानत नाही! रस्ता येतो, कारखाना येतो, मोजणीवाले येतात, तेव्हा सातबाऱ्यावर आपले नाव नसेल तर आपल्याला कोण विचारणार? म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढा. वारसांची नावे लागली का, बहिणींची वगळली तर नाहीत ना, ते बघा. उतारा मुलामुलींकडून वाचून घ्या, म्हणजे त्यांनाही तो कळेल. आणि कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका.

शिक्षण, संघटन आणि संघर्ष हा बाबासाहेबांचा मार्ग त्या बर्फातल्या माणसांनीही आपल्या परीने चालून दाखवला. आपल्याला तर तो घरातच मिळाला आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!