चित्र बसले, पण दिसेल का?



रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. तरीही आज मी चित्रांविषयीच बोलणार आहे. हल्ली गावोगावचे शिक्षक शाळेचे वार्षिक, गावाची माहितीपुस्तिका संगणकावर स्वतःच तयार करतात. अशा पुस्तिकेत चित्र नीट उमटेल की नाही, याची परीक्षा कशी घ्यावी, हा आजचा विषय.

खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा मजकूर एकीकडे जुळवला जाई आणि चित्राचा ब्लॉक निराळा तयार होई. योग्य ब्लॉक योग्य जागी, सुलटा बसला की नाही, हे प्रूफ काढल्यावाचून कळत नसे. संगणक आला, पण ही गोष्ट काही बदलली नाही.

रचनाबद्ध लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ती जशीच्या तशी आहे. रचनाबद्ध म्हणजे काय? साध्या टंकलेखनात आपण मथळा हाताने मोठा नि ठळक करतो. इथे आपण फक्त सांगायचं, 'हा मथळा', 'हा परिच्छेद', 'ही आकृती'. मांडणी संगणक करतो. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ साली टेक् ही प्रणाली सिद्ध केली. तिच्यावर लेस्ली लँपोर्ट यांनी लाटेक् उभारली, आणि १९९५ साली सुरू झालेले लायक्स हे मोफत सॉफ्टवेअर त्याच पायावर आहे. लायक्सच्या फाइलीत चित्र नसते, असतो तो चित्राचा पत्ता. ब्लॉक कपाटात आणि जुळाऱ्याच्या हाती नुसती चिठ्ठी, असा हा प्रकार.

ठाणे ते कल्याण या रेल्वेमार्गावर एक लहानशी पुस्तिका करताना मला याचा प्रत्यय आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणला पोहोचला, ही हकीकत मुलांना सांगायची होती. सोबत चित्रे दोन : खाडीपुलाचे छायाचित्र आणि स्थानकांचा नकाशा.

डोंबिवलीला घरच्या संगणकावर सगळं झकास दिसलं. तीच फाइल ठाण्याला दुसऱ्या संगणकावर उघडली, तर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी! चूक माझीच. मजकूर नेला होता, चित्रांचा फोल्डर घरीच राहिला होता. दुसऱ्या खेपेस फोल्डर नेला. पूल आला, पण नकाशा बिघडला. ठाकुर्लीचा रफार भलत्याच अक्षरावर, डोंबिवलीतली वेलांटी 'ब' सोडून उभी, आणि कल्याणचा 'ल' पाय मोडून एकटा. नकाशातली नावे अक्षरे म्हणूनच साठवलेली होती आणि तिथल्या जुन्या प्रोग्रामला मराठी जुळणी उमगत नव्हती. नावांच्या बाह्यरेषा करून नकाशा पीडीएफमध्ये साठवला, तेव्हा कुठे कल्याण जागेवर आले.

यातून मी काही परीक्षा ठरवल्या. पहिली, घर बदलण्याची. सगळा फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन पुस्तिका तिथे तयार करून बघा. चित्रांच्या फाइलींना लहान रोमन नावे द्या, मध्ये जागा सोडू नका.

दुसरी परीक्षा आकाराची. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. १२०० ठिपके रुंदीचे छायाचित्र चार इंचच छापावे. आठ इंच ताणले की ते विरळ होणार. फोनवरून आलेले छायाचित्र वाटेत पुष्कळदा बारीक झालेले असते, तेव्हा मूळ फाइलच मागवा. छायाचित्राला जेपेग चालते. नकाशासारख्या रेषाचित्राला पीएनजी किंवा पीडीएफ बरे, कारण जेपेगमध्ये रेषांच्या कडा मळतात.

तिसरी परीक्षा जागेची. पानावर जागा नसली की सॉफ्टवेअर चित्र पुढच्या पानावर ढकलते. म्हणून 'खालील चित्र पाहा' असे लिहूच नये. 'आकृती २ पाहा' असे लिहावे, आणि तो आकडा हाताने न घालता सॉफ्टवेअरकडून घालून घ्यावा. मग सुरुवातीला एक नवे चित्र घालून बघा. दोनाचे तीन सगळीकडे झाले, तर परीक्षा उतरली.

चौथी परीक्षा काळ्या शाईची. आपल्या बऱ्याच शाळांत झेरॉक्सच निघते. नकाशातली तांबडी रेघ आणि हिरवी रेघ तिथे सारखीच काळी! तेव्हा एक रेघ सलग काढा, दुसरी तुटक.

शेवटची परीक्षा डोळे मिटून घ्यायची. वेबपानात आणि ई-पुस्तकात चित्रामागे त्याचे वर्णन लिहिण्याची सोय असते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणक ते वाचून दाखवतो. तिथे नुसते 'नकाशा' लिहून भागत नाही. 'ठाण्यापुढे कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि मग कल्याण', असे लिहिले तर त्यालाही तो मार्ग कळतो. आता बघा, रेडिओवर चित्र नाही, पण हा नकाशा तुम्हाला आत्ताच कळला ना?

आपल्या पडद्यावर चित्र दिसले म्हणजे काम झाले, असे समजू नका. दूरच्या शाळेतल्या मुलाच्या हाती आपली पुस्तिका पडते, तेव्हा चुकीचा खुलासा करायला आपण तिथे नसतो. रिकाम्या चौकटीकडे पाहून त्याने काय शिकावे? त्याच्या हाती चित्र पोहोचले, म्हणजेच ते बसले.